गच्चीला डांबर फासण्याआधी

मे महिना उतरणीला लागला की मुंबईपासून सावंतवाडीपर्यंत स्लॅबच्या घरांवर एकच विधी सुरू होतो. गच्ची झाडली जाते, दिसतील त्या भेगांत सिमेंट भरले जाते, वर पांढरा, विटकरी नाही तर काळा थर फासला जातो आणि घरमालक किंवा सोसायटीचे सचिव आभाळाकडे बघायला मोकळे होतात. जुलैत जुनाच डाग जुन्याच जागी उमटतो. मग माल बनावट होता, कामगार चुकार होते, यंदा पाऊसच जास्त होता, अशी कारणे निघतात. पाणी नेमके कुठून शिरते हे कोणालाच ठाऊक नव्हते, हे कारण मात्र कोणी काढत नाही.

या विधीमागे एक मत आहे, आणि ते अडाण्यांचे मत नाही. शिकलेसवरलेले अभियंते ते मांडतात, मुरलेले ठेकेदार मांडतात, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तर त्याला विरोधच होत नाही. म्हणून आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडतो.

प्रतिपक्ष म्हणतो: पाणी खाली वाहते. छताच्या खालच्या अंगाला डाग दिसला, तर त्याच्या वर छताला कुठेतरी वाट आहे, हे उघड आहे. ती वाट तसूभर इकडे की तिकडे, हा प्रश्न अभ्यासकाला शोभतो. गृहस्थाला तो परवडत नाही. सगळी गच्चीच जलरोधक केली की वाट जिथे असेल तिथे बुजली. शोधाला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि पावसाळा कोणासाठी खोळंबत नाही. शिवाय अनुभव आमच्या बाजूने आहे. कोटिंग केले आणि गळती थांबली, अशी घरे हवी तितकी दाखवू. आणि पूर्वज तरी काय करत? दर उन्हाळ्यात ते सगळे घर शाकारत. कोणते कौल गळते याचा खल करत बसत नसत.

मत सुटसुटीत आहे, आणि त्यातला पूर्वजांचा दाखला चांगला वजनदार आहे. त्याला शेवटी सविस्तर उत्तर देईन. तरीही हे मत चूक आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सांताक्रूझला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीच्या घाटमाथ्यावर त्याच्या तिपटीच्या आसपास. अशा मुलखात ही चूक घराच्या हाडापर्यंत पोचते.

पहिला घाव मुळावरच घालू. न्यायशास्त्रात धूर पाहून अग्नीचे अनुमान करतात, कारण दोहोंची व्याप्ती सिद्ध आहे: अग्नीवाचून धूर कुठेच आढळत नाही. प्रतिपक्षाचे अनुमान त्याच घाटाचे आहे: जिथे डाग, तिथे वर छिद्र. ही व्याप्ती कोणी सिद्ध केली? हेतू आहे पण साध्य नाही असे एक उदाहरण सापडले तरी तो हेतू सव्यभिचार ठरतो आणि अनुमान कोसळते. इथे अशी उदाहरणे घरोघर टांगलेली आहेत.

पंख्याकडे पाहा. स्लॅबच्या घरात पाणी कित्येकदा सर्वांत आधी पंख्याच्या हुकाशी किंवा दिव्याच्या होल्डरपाशी ठिबकते. पंख्याच्या बरोबर वर गच्चीला भोक पडते, असा काही दैवी नियम आहे काय? खरी गोष्ट अशी, की स्लॅब ओतण्याआधी विजेच्या तारांसाठी पीव्हीसीच्या नळ्या सळयांना बांधून आत टाकलेल्या असतात. गच्चीच्या टोकाला, कठड्याच्या पायथ्याशी शिरलेले पाणी एखाद्या भेगेतून अशा नळीत उतरते, नळीतून खोली ओलांडते आणि नळी जिथे उघडी पडते तिथे, म्हणजे पंख्याच्या पेटीत, बाहेर येते. खालून पाहणारा म्हणतो, पंख्यावर गळते. वर जाऊन तो पंख्याच्या माथ्यावरची दोन-चार फूट जागा चोपडतो. पाणी शिरते पंधरा फूट लांब. (जाता जाता: पंख्यातून पाणी ठिबकत असेल तर आधी त्या खोलीचा मेन बंद करावा. वाद नंतर.)

नळी नसली तरी पाण्याला वाटांची वाण नाही. आपल्याकडच्या जुन्या गच्च्यांवर ब्रिकबॅट कोबा असतो: स्लॅबवर विटांचे तुकडे, सिमेंटचा मसाला, वर चायना मोझॅक किंवा घोटलेला थर. हे काम पक्के केले तर टिकाऊ असते, यात शंका नाही. पण वरचा थर एका जागी जरी चिरला तरी पाणी विटांच्या थरात उतरते, तिथे साठते आणि स्लॅबच्या माथ्यावरून आडवे पसरत जाते. स्लॅबला जिथे आरपार भेग असेल तिथे ते खाली येते. कोब्यातली चीर आणि स्लॅबमधली भेग एकमेकींच्या वर येण्याचे काहीच कारण नाही. एक उन्हाने पडली, दुसरी स्लॅब आळताना किंवा भाराने. म्हणूनच अशा घरांत पाऊस थांबून दोन दिवस झाले, लख्ख ऊन पडले, तरी छत ठिबकत राहते. वर पाऊस नाही आणि खाली गळती आहे. वरच्या भोकाच्या सिद्धान्ताकडे याला काय उत्तर आहे?

स्लॅबला भेग आहे म्हणजे बांधकाम भिकार, असाही एक सूर निघतो. त्याला भारतीय मानकच उत्तर देते. काँक्रीटचे आयएस ४५६ हे मानक २००० साली सुधारले गेले. त्यात सर्वसाधारण ठिकाणी ०.३ मिलिमीटर, सतत ओलावा लागणाऱ्या भागांत ०.२ आणि त्याहून कठीण परिस्थितीत ०.१ मिलिमीटरपर्यंत भेगेची रुंदी गृहीत धरलेली आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बांधलेल्या स्लॅबलाही बारीक भेगा असणारच. काँक्रीटने छत होते. जलरोधन हे वेगळे काम आहे. आणि ०.१ मिलिमीटरची भेग ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. केशाकर्षणाच्या सैद्धान्तिक हिशेबाने एवढ्या रुंदीच्या भेगेत पाणी सुमारे १५ सेंटिमीटर वर चढू शकते.

वर चढू शकते! प्रतिपक्षाचा पहिलाच आधार होता, पाणी खाली वाहते. ओढ्यात वाहते. बारीक फटीत ते स्वतःच्या नियमाने चालते, आणि मागे वारा असेल तर आणखी वेगळ्या नियमाने. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा भिंतीवर आदळला की सुमारे २४० पास्कल दाब पडतो. हा दाब पाण्याला जवळपास २४ मिलिमीटर वर रेटतो. उतार कमी असलेल्या कौलारू छपरात वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर फार उंच चढलेली नसते. दोन-अडीच सेंटिमीटरचा रेटा कौलांमधला सांधा ओलांडायला पुरतो. कौल फुटलेले नाही, सरकलेले नाही, आणि घर मात्र गळते. पण फक्त झडीच्या पावसात, पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे. कोकणातल्या कोणत्याही घरातली म्हातारी हे सांगेल. तिच्या निरीक्षणाला भौतिकशास्त्राचा पूर्ण पाठिंबा आहे, आणि प्रतिपक्षाच्या सिद्धान्तात त्याला जागाच नाही.

हे झाले पाणी छतातून येते पण वरून येत नाही, अशा प्रकारचे दाखले. आता याहून अडचणीचे दाखले पाहू. त्यांत छताला वाटच नसते, तरी डाग असतो.

दमट हवा हे आपल्या किनाऱ्याचे खास लक्षण, आणि गळतीच्या चर्चेत तिचे नावही निघत नाही. जुलैतली मुंबईची हवा घ्या: तापमान २८ अंश, सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश येतो. २५ अंशांहून थंड असलेला कोणताही पृष्ठभाग या हवेत ओला होणारच. आता रात्रभर २० अंशांवर एसी चाललेल्या खोलीचे छत पाहा. सकाळी एसी बंद होतो, खिडक्या उघडतात, बाहेरची दमट हवा आत येते आणि थंड छतावर दव धरते. किंवा वरच्या मजल्यावर एसी आहे आणि खाली नाही: वरच्याचा थंड स्लॅब खालच्याच्या छतातून घाम फोडतो. खालचा गृहस्थ वरच्याच्या दारात भांडायला उभा. वरच्याच्या घरात एक थेंब सांडलेला नसतो. त्यात पावसाळाभर कपडे घरातच वाळतात. त्यांतले सगळे पाणी खोलीच्या हवेत जाते आणि कपाटामागच्या, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात काळ्या ठिपक्यांची बुरशी होऊन उगवते. ही बुरशी पाहून गच्ची खोदणारे लोक आहेत. मी ते खोदकाम पाहिले आहे.

हे ओळखायचे कसे? अवघड नाही. हवेतून जमलेल्या पाण्यात क्षार नसतात. गिलाव्यातून किंवा काँक्रीटमधून प्रवास केलेले पाणी मात्र क्षार विरघळवत येते आणि बाहेर सुकताना ते मागे ठेवते: भिंतीला लोणा फुटतो, डागाला पिवळट-तपकिरी काठ येतो, फार दिवसांची गळती असेल तर छतातून चुन्याचे बारीक पांढरे सुळके लोंबतात. नुसती काळी बुरशी, काठ नाही, लोणा नाही, तर गच्चीवर संशय घेण्याआधी खिडकी उघडून पाहावी. खात्री हवी असेल तर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि एक रात्र तसाच ठेवावा. खोलीकडच्या अंगाला पाणी जमले, तर ते हवेतले. प्लॅस्टिकच्या मागे जमले, तर छतातून येत आहे. काही रुपयांची ही परीक्षा आहे. ती न करता लाखांची कामे निघतात.

तिसरा प्रकार नळांचा. न्हाणी ट्रॅपचा सांधा सुटलेला, बुडीत स्लॅबमध्ये पाणी साठलेले, भिंतीतला कन्सील्ड पाइप चिरलेला, एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली. ही गळती बाराही महिने चालते. पण उन्हाळ्यात भिंती पाणी पिऊन टाकतात आणि कोरडी हवा ते उडवून लावते, म्हणून डाग पावसाळ्यातच दिसतो. डाग पावसात दिसला म्हणून पाणी पावसाचे, हा निष्कर्ष किती घाईचा आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

आता दुसरा आधार: सगळेच झाकले की शोध कशाला? वरवर पाहता हा बिनतोड युक्तिवाद आहे. पण त्यातले ‘सगळे’ म्हणजे किती? कोटिंग होते ते गच्चीच्या आडव्या पृष्ठभागावर, फार तर कठड्याच्या पायाशी वीतभर. वारा पाऊस आडवा फेकतो तो भिंतीवर. खिडक्या नसलेली, पश्चिमेला तोंड केलेली उंच डेड वॉल एका झडीत किती पाणी झेलते, याचा हिशेब कोणत्या कोटेशनमध्ये असतो? कठड्याच्या माथ्यावरची फट, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यावरचा उखडलेला वाटा, पावसाळी पाइप जिथे स्लॅबमधून जातो तिथली कड, पाण्याच्या टाकीचे पाय, डिशची छत्री बसवताना मारलेले खिळे: पाणी बहुतकरून इथून शिरते. सपाट मैदानावरून नव्हे. आणि ठेकेदार मैदानाचा चौरस फूट मोजतो, कारण मैदान मोजायला सोपे असते.

दुसरे असे, की स्लॅब जागच्या जागी राहत नाही. काँक्रीट दर अंशाला दर मीटरमागे सुमारे एक शतांश मिलिमीटर प्रसरण पावते. दहा मीटर लांबीची गच्ची मेच्या दुपारी तापलेली असते आणि पहिल्या सरीत तिचे तापमान ३० अंशांनी उतरले असे धरा. हिशेब तीन मिलिमीटर आकुंचनाचा येतो. कठडा वेगळ्या गतीने हलतो, स्लॅब वेगळ्या. ही सगळी ओढाताण सांध्यावर येते. तिथे एक मिलिमीटर जाडीचा, उन्हाने कडक झालेला थर काय टिकणार? तो नेमका जिथे हवा असतो तिथेच फाटतो, आणि जिथे नको असतो तिथे वर्षानुवर्षे शाबूत राहतो. लोक शाबूत भागाकडे बोट दाखवून म्हणतात, कोटिंग तर छान आहे!

हा शाबूत भाग निरुपद्रवी असता तरी मी गप्प बसलो असतो. तो निरुपद्रवी नाही. ओल्या स्लॅबवर वरून अभेद्य थर मारला की आतल्या पाण्याची उन्हात वर उडून जाण्याची वाट बंद होते. मग ते खालीच सुकते, म्हणजे तुमच्या छतातून. पोपडे वाढतात, पुढच्या उन्हाळ्यात वाफेच्या दाबाने कोटिंगला फुगे येतात, आणि आत सळया गंजत राहतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट होते. तो आतून काँक्रीट फोडतो. छतातून अचानक ढलपी पडते आणि तपकिरी सळी दिसते, त्या दिवशी वरचे कोटिंग बहुधा चकचकीत असते.

आणखी एक नुकसान आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे. कोटिंग पुरावा पुसते. कोब्यातली चीर, वाट्याची उकल, पाणी साचून राहिल्याची खूण, शेवाळाचा पट्टा, या सगळ्या वाचता येण्याजोग्या खुणा असतात. त्यांवर काळा थर फिरला की पुढच्या वर्षी शोधणाऱ्याला कोरी पाटी मिळते. एका गच्चीवर अशा थरांचे पापुद्रे एकावर एक पाहिले, की समजावे, इथे वर्षानुवर्षे पैसे देऊन अज्ञान विकत घेतले गेले.

तिसरा आधार अनुभवाचा: कोटिंग केले आणि गळती थांबली. थांबली असेल. पण कोटिंगने थांबली, हे कशावरून? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी, त्याच शहरात, कुलाब्याला ७५ मिलिमीटरच्या आत. एका शहरात एका दिवशी एवढा फरक, तर एका घरावर दोन वर्षांत पडणाऱ्या झडीची दिशा आणि जोर सारखे कसे धरायचे? यंदा नैर्ऋत्येचा वारा ढिला राहिला, समोर नवी इमारत उभी राहून झड अडली, वरच्या मजल्यावरच्याने दरम्यान न्हाणीघर नवे केले, गच्चीची तुंबलेली जाळी कोटिंगच्या निमित्ताने साफ झाली: यांपैकी काहीही घडले असेल. जाळीचे तर मी शपथेवर सांगेन. बऱ्याच गच्च्यांवर खरे काम झाडूने केलेले असते आणि श्रेय डबा घेऊन जातो.

किती थोड्या पाण्याने घर गळते, हेही ध्यानात घ्यावे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी येते. सेकंदाला एक थेंब पडत राहिला तर दिवसभरात चार-साडेचार लिटर होते. म्हणजे झोप उडवणारी ती टपटप गच्चीवरच्या पाण्याच्या दोन हजारांतला एक भागही नव्हे. उरलेले सगळे पाणी नीट वाहून गेलेले असते. एवढ्या सूक्ष्म चोरवाटेसाठी सारी गच्ची आरोपी करणे, याला उपाय म्हणायचे की आळस?

आता पूर्वजांचा दाखला. तो माझ्या प्रतिपक्षाचा सर्वांत सुंदर मुद्दा आहे, आणि सर्वांत उलटा. घर शाकारत म्हणजे काय करत? पेंढ्याचे, गवताचे छप्पर असेल तर जुने उतरवून नवे घालत. नळीच्या कौलांचे असेल तर कौले चाळत: एकूण एक कौल हातात घेत, झटकत, ठोकून आवाज ऐकत, चिरलेले बाजूला टाकत, रिपा आणि वासे तपासत, कुजका बदलत आणि मग कौल परत लावत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कारखाना घातला आणि मंगलोरी कौले कोकणपट्टीत आली. तीही माणसे हाताने परततच राहिली, फक्त दर वर्षी नव्हे. यात ‘शोध टाळला’ असे कुठे आहे? प्रत्येक कौलाची उलटतपासणी झाली! शाकारणी म्हणजे संपूर्ण छपराचा शोध. कोटिंग म्हणजे संपूर्ण छपराचे झाकण. दोन्ही ‘संपूर्ण’ आहेत म्हणून सारखी ठरत नाहीत.

शिवाय जुना माणूस मधल्या पावसात गळती कशी धरत असे, तेही पाहा. भर दुपारी तो माळ्यावर चढे आणि अंधारात बसून छपरातून येणारे उजेडाचे ठिपके पाही. चुलीच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या वाशांवर पाण्याचा ओघळ फिकट दिसे. थेंब पडला कुठे याला तो महत्त्व देत नसे. ओघळ धरून तो वाशावरून वर वर सरकत जाई, रीप ओलांडी, सर्वांत वरची ओली जागा गाठी आणि तिथले, बहुतेकदा आढ्याजवळचे किंवा पन्हळीच्या कडेचे, कौल सरळ करी. खाली पाणी पडत होते माजघरात. कौल सरकलेले होते पार वर, आढ्याशी. नदी समुद्राला मिळते तिथे तिचा उगम शोधू नये, एवढे त्याला कळत होते. स्लॅब आला, माळा गेला, वासे झाकले गेले, आणि आपण ही विद्या विसरलो. पूर्वजांना या वादात साक्षीला बोलवायचे असेल तर खुशाल बोलवा. ते माझ्या बाजूने बोलतील.

राहिला खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप. शोधाला काय लागते ते पाहू, म्हणजे त्याचे ओझे किती हे कळेल.

पहिले साधन वही. पाऊस कधी लागला, वारा कुठला, ठिबक कधी सुरू झाली, कधी थांबली. चार-सहा पावसांच्या नोंदी हाती आल्या की निम्मी वाट सापडते. सर येताच ठिबक, सर जाताच बंद, तर वाट थेट आणि जवळची. तासांनी सुरू होऊन दिवस दिवस टिकणारी, तर पाणी कोब्यात साठते आहे. फक्त झडीच्या पावसात, तर भिंत, खिडकीची चौकट नाही तर कठडा. पावसाशी संबंधच नसलेली, तर नळ. याला खर्च पेनाच्या शाईचा.

दुसरे साधन अन्वय-व्यतिरेक. पाऊस नसताना, छत सुकलेले असताना, संशयित जागेवर पाणी सोडायचे: पाणी आहे तेव्हा ठिबक, पाणी नाही तेव्हा नाही, असे दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे. नळीने पाणी सोडताना खालून वर जावे. आधी भिंतीचा तळ, मग खिडकीखालचा भाग, मग छज्जा, मग कठडा, आणि प्रत्येक ठिकाणी थांबून वाट पाहावी. उलट, वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्या संशयितांना भिजवत जाते आणि चाचणी वाया जाते. गच्चीवर पाणी कोंडून पाहायचे तर बेताने. दहा सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला शंभर किलो भार. भारांच्या आयएस ८७५ या मानकाप्रमाणे, फक्त देखभालीपुरते जाता येते अशा सपाट छतासाठी धरलेला भार चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटन आहे, म्हणजे साधारण ७५ किलो. जुन्या इमारतीवर दहा सेंटिमीटर पाणी कोंडणारा गळती शोधत नाही, संकट शोधतो. तीन-चार सेंटिमीटर पुरे, आणि तेही एकेक भाग बांध घालून. पाण्यात वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळा रंग टाकला तर खाली उमटलेला रंगच सांगेल. कोंडलेल्या पाण्यातून दोन-तीन दिवसांत काही उतरले नाही, तर मैदान निर्दोष. मग कोटिंग कशावर करता?

यंत्रांबद्दल दोन शब्द, कारण हल्ली प्रतिपक्षाचेच काही जण गळ्यात इन्फ्रारेड कॅमेरा घालून येतात. तो कॅमेरा पाणी पाहत नाही. तो तापमान पाहतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून दिसते. ऐन पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली असते, बाष्पीभवन मंदावते आणि चित्र फिके पडते. टोचून ओल मोजणारे मीटर विजेच्या वहनावर चालते; किनाऱ्याजवळच्या भिंतीत मीठ मुरलेले असले की ते कोरड्यालाही ओले म्हणते. ठिबकत्या पाण्यात क्लोरिन सापडले तर ते नळाचे हे नक्की. पण सापडले नाही म्हणून पावसाचे असे होत नाही, कारण काँक्रीटमधून येताना क्लोरिन संपून जाते. यंत्रे साक्षीदार म्हणून बोलवावीत. निकाल त्यांच्यावर सोपवू नये.

खर्चाचे म्हणणे सोसायट्यांच्या बाबतीत तर न्यायाचेच म्हणणे होते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची आहे. सदनिकेतल्या शौचालय, सिंक यांमुळे होणारी अंतर्गत गळती त्या सभासदाने स्वतः दुरुस्त करायची आहे. म्हणजे पाणी कुठून आले यावर बिल कोणाचे हे ठरते. शोध न करता गच्ची रंगवली, तर एकाच्या न्हाणीघराचा खर्च साऱ्या इमारतीने भरला. शोध न करता वरच्या सभासदाचे न्हाणीघर खोदायला लावले, तर संस्थेच्या कठड्याची शिक्षा एका कुटुंबाला झाली. शोध परवडत नाही म्हणणाऱ्या सचिवांनी यातले काय परवडते ते सभेत सांगावे.

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो. गच्चीवर पत्र्याची शेड घातली की खूपशा घरांत गळती खरोखर थांबते. पाऊसच अडवला, तर कोबा कुठून भिजणार? पण शेड घालूनही ज्या घरात डाग येतच राहतो, त्या घराने गच्ची निर्दोष असल्याचा भक्कम पुरावा मिळवला आहे. तो भलताच महाग मिळाला, इतकेच. तसेच कोबा म्हातारा होऊन जागोजाग बद वाजत असेल, ठोकून पाहिल्यावर सगळीकडून पोकळ आवाज येत असेल, तर तो उखडून, उतार नीट काढून, वाटे नव्याने घालून आणि स्लॅब पुरता सुकवून वर लवचीक थर घालणे हेच योग्य. तो निर्णय तपासणीतून आलेला असतो आणि त्याची वेळ ऑक्टोबरनंतरची असते. भर पावसात करायचे ते फक्त ताडपत्री, बादली आणि वही.

तेव्हा माझे प्रतिपक्षी मित्र येत्या मेमध्ये कोटेशन घेऊन येतील, तेव्हा चौरस फुटाचा भाव सांगण्याआधी त्यांनी एवढेच करावे: पाणी जिथून शिरते ती जागा गच्चीवर खडूने आखून दाखवावी, तेवढ्याच जागेवर पाणी सोडावे आणि खालच्या डागाला पाझर फोडून दाखवावा. त्यांनी तो दाखवला, तर कोटिंगचा पहिला डबा मी स्वतः उचलून गच्चीवर नेईन.